अलिप्ततावाद, अलगतावाद की आणखी काही?

मृद्गंध
पदवीच्या मुलांसाठी अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करते आहे. एका प्रकरणाचा विषय असा, की 'आयसोलेशनिझम' सोडून अमेरिका १८९८ पासून साम्राज्याच्या आणि पुढे महायुद्धांच्या वाटेला कशी लागली. पहिल्या शब्दासाठी मी बेधडक 'अलिप्ततावाद' लिहीत गेले. संपादकांनी समासात शेरा मारला, 'हा शब्द नेहरूंच्या धोरणाचा. इथे नको.' मला तर शाळेत अमेरिकेचे अध्यक्ष मन्रो यांच्या धड्यात हाच शब्द शिकवल्याचं पक्कं आठवतंय. इकडेतिकडे अलगतावाद, विलगतावाद, पृथक्तावाद असेही पर्याय दिसतात. तुम्ही मंडळी काय वापरता? पुढे हवाई बेटांचं 'अ‍ॅनेक्सेशन', म्हणजे मुलूख घेऊन आपल्या देशाला जोडणं, आहे, तिथेही अडलंय.

जुने मास्तर
संपादकांचा शेरा रास्त आहे आणि तुमची आठवणही खरी आहे. पूर्वी दोन्हीकडे 'अलिप्तता' सर्रास चालायची. पण १९६१ च्या बेलग्रेड परिषदेनंतर 'अलिप्त राष्ट्रे' म्हटलं की नेहरू, टिटो, नासर हेच डोळ्यांपुढे येतात. त्यांनी जगाकडे पाठ फिरवली नव्हती. कुठल्याही गटात न जाता प्रत्येक प्रश्नावर बोलायचं, हा त्यांचा आग्रह होता. वॉशिंग्टनच्या १७९६ च्या निरोपाच्या संदेशाचा सूर वेगळा आहे : व्यापार सगळ्यांशी, कायमचे राजकीय करार कुणाशीच नाहीत. जाता जाता, 'गुंतवून ठेवणाऱ्या मैत्र्या' हे शब्द वॉशिंग्टनच्या नावावर खपवले जातात. ते जेफरसनचे आहेत, १८०१ च्या शपथविधीच्या भाषणातले. वर्गात मी 'अलगतावाद' वापरायचो, मुलांना कळायचं.

शुद्धमती
'अलग' ही हिंदीची उसनवारी कशासाठी? 'विलगतावाद' हा सरळ आणि आपला शब्द आहे.

कोकणकडा
'अलग' हिंदीचा कसा? संस्कृत 'अलग्न', म्हणजे न चिकटलेलं. 'अलगद' त्याच घरातला असावा असं मी आजवर धरून चाललोय. आमच्याकडे आजी म्हणायची, 'दुधावरची साय अलगद काढ,' म्हणजे खालच्या दुधाला धक्का लागता कामा नये. आणि 'विलग' म्हटलं की २०२० पासून विलगीकरण कक्षच आठवतो. अमेरिकेला कुणी कक्षात नेऊन ठेवलं नव्हतं, ती आपणहून लांब राहिली.

शुद्धमती
एका साथीमुळे चांगला शब्द बाद होत नसतो. 'महापौर', 'दिनांक' हेही सुरुवातीला लोकांना परके वाटले होते. सावरकरांनी ते नेटाने वापरले म्हणून आज ते आपले आहेत. वापरणाऱ्यांनीच कच खाल्ली तर शब्द रुजणार कसे?

दर्यावर्दी
शब्द कुठलाही घ्या, माझा आक्षेप मुळावरच आहे. अमेरिका लांब राहिली ती कशापासून? युरोपच्या भांडणांपासून. तेवढंच. मन्रोचा संदेश २ डिसेंबर १८२३ चा, 'युरोपने इकडे नव्या वसाहती करू नयेत.' घरात बसून राहणारा अख्ख्या गोलार्धाला अशी ताकीद देईल का? १८४६ ते ४८ मेक्सिकोशी युद्ध करून कॅलिफोर्नियासकट केवढा मुलूख घेतला. १८५३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या पेरीच्या युद्धनौका जपानच्या दारात उभ्या राहिल्या. १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का घेतला. विद्यार्थ्याने 'अलगतावाद' वाचलं की त्याच्या डोक्यात शंभर वर्षं कडी लावून बसलेला देश तयार होतो, आणि मग १८९८ हा अपघात वाटतो. मृद्गंधताई, शक्य तिथे '-वाद' टाळा आणि 'युरोपच्या भानगडींपासून चार हात दूर राहण्याचं धोरण' असं सरळ लिहा.

मृद्गंध
वाक्यात ते सुरेख बसतंय. पण प्रकरणाच्या शीर्षकात आणि सूचीत एकच शब्द लागणार. सात शब्दांची सूचीतली नोंद कोण शोधेल?

जुने मास्तर
दर्यावर्दी, खंडाच्या आत पसरणं आणि समुद्रापलीकडे लोकांवर राज्य करणं यांत तेव्हाच्या अमेरिकनांनीही फरक केला होता. पहिल्याला 'विस्तार' म्हणा, 'साम्राज्यवाद' दुसऱ्यासाठी राखून ठेवा. १८९८ साली बोस्टनमध्ये साम्राज्यवादविरोधी लीग उभी राहिली. कार्ल शुर्त्झ, कार्नेगी असे लोक तिच्यात होते, पुढे मार्क ट्वेन आले. त्यांचा सवालच असा होता, की ज्यांना नागरिक करून घ्यायचं नाही त्यांच्यावर प्रजासत्ताकाने राज्य कसं करायचं? स्पेनकडून फिलिपिन्स घेणाऱ्या तहाला सिनेटने ५७ विरुद्ध २७ मतांनी मान्यता दिली. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर दोन तृतीयांश भरले असते, दोन झाली असती तर नाही.

दर्यावर्दी
मतं मोजली गेली ती वॉशिंग्टनमध्ये. ज्यांचा मुलूख त्यांना कुणी विचारलं? मी मालवाहू जहाजांवर होतो. आमच्या बोटींवर निम्मे खलाशी फिलिपिनो असायचे. एकदा मेसमध्ये बोलता बोलता मी १८९९ च्या 'फिलिपाइन बंडा'चा उल्लेख केला, तसं पुस्तकात वाचलं होतं म्हणून. आमचा दुसरा इंजिनिअर शांत स्वभावाचा माणूस, पण चमचा खाली ठेवून म्हणाला, 'बंड कुणाविरुद्ध? आमचं प्रजासत्ताक आधीच जाहीर झालं होतं.' त्याचं शंभर टक्के खरं होतं. फिलिपिनोंचा नेता आगिनाल्दो याने १२ जून १८९८ ला कावीतला स्वातंत्र्य घोषित केलं. १३ ऑगस्टला स्पेन आणि अमेरिका यांनी आधी ठरवून मनिलात लुटूपुटूची लढाई केली आणि शहराचा ताबा बदलला. वेढा घालून बसलेल्या फिलिपिनो सैन्याला वेशीच्या आत येऊ दिलं नाही. डिसेंबरात पॅरिसच्या तहात फिलिपिन्ससाठी २ कोटी डॉलर मोजले. लगेच अध्यक्ष मॅकिन्लीचा जाहीरनामा निघाला, त्यात याला 'परोपकारी सामावणी' म्हटलं होतं. ४ फेब्रुवारी १८९९ ला गोळीबार सुरू झाला. ४,२०० च्या वर अमेरिकन आणि २० हजारांच्या वर फिलिपिनो सैनिक मेले. हिंसाचार, उपासमार आणि पटकीने मेलेल्या सामान्य माणसांचा आकडा २ लाखांपर्यंत सांगतात. याला 'बंड' म्हणायचं?

कोकणकडा
हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. १८५७ ला 'शिपायांचं बंड' म्हणायचं की 'स्वातंत्र्यसमर', यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडणं झाली आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही १९९९ मध्ये विषयसूचीतलं 'बंड' काढून 'फिलिपाइन-अमेरिकन युद्ध' केलं. ताई, अनुवादात 'युद्ध'च हवं. मूळ पुस्तकात 'बंड' असेल तर तळटीप द्या.

शुद्धमती
अनुवादकाने मूळ लेखकाचा शब्द बदलायचा नसतो. टीप द्यावी, हे मान्य.

अटकेपार
हवाईच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. माझं मत ठाम आहे, 'खालसा'. 'विलीनीकरण' नको, कारण तो शब्द आपण १९४७ नंतरच्या संस्थानांसाठी वापरतो आणि त्यात निदान कागदावर संमती होती. हवाईत काय झालं बघा. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं तेव्हा अमेरिकन नौसैनिक होनोलुलूत उतरले होते. अध्यक्ष क्लीव्हलँडने बेटं घ्यायला नकार दिला. १८९७ मध्ये एकवीस हजारांहून अधिक मूळ हवाईयनांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. सिनेटमध्ये तहासाठी दोन तृतीयांश मतं जमेनात, तेव्हा जुलै १८९८ मध्ये साध्या बहुमताच्या संयुक्त ठरावाने काम उरकलं. याला 'विलीन झालं' म्हटलं की कर्ताच गायब होतो, जणू नदी समुद्राला मिळाली. 'खालसा केलं' म्हटलं की कुणी केलं ते सांगावंच लागतं.

शुद्धमती
'खालसा' अरबी. शिवाय १८४८ साली सातारा खालसा झाला तो दत्तक नामंजूर म्हणून. हवाईत वारसाचा प्रश्न कुठे होता?

अटकेपार
अवधचं राज्य १८५६ मध्ये खालसाच झालं, तिथेही वारसाचा प्रश्न नव्हता, कारण गैरकारभाराचं दाखवलं होतं. 'खालसा' म्हणजे थेट सरकारच्या ताब्यातला मुलूख, वारस असो नसो. आणि अरबी म्हणून काढायचा तर 'सातारा खालसा झाला' हे वाक्य मराठीत कसं लिहायचं? ज्या मुलखाने ते सोसलं त्याच्याच भाषेतून तो शब्द काढून टाकायचा का?

जुने मास्तर
'खालसा'ला माझाही पाठिंबा. त्याच न्यायाने क्यूबासाठी 'तैनाती फौज' सुचवतो. १९०१ ची प्लॅट दुरुस्ती वाचा. क्यूबाने स्वातंत्र्याला बाध येईल असा करार तिसऱ्या सत्तेशी करायचा नाही, अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क, नाविक तळांसाठी जमीन. हे क्यूबाच्या राज्यघटनेत घातल्याशिवाय तिथली अमेरिकन फौज हलणार नव्हती. ग्वांतानामोचा नाविक तळ त्यातूनच आला. दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईला सही केली ती याच जातीच्या कागदावर.

अटकेपार
मास्तर, इथे मात्र असहमत. तैनाती फौजेचा खर्च पेशव्यांच्या माथी होता, त्यासाठी मुलूख तोडून द्यावा लागला. ग्वांतानामोचं भाडं अमेरिका देऊ करते. 'मांडलिक' किंवा 'संरक्षित राज्य' पुरे.

जुने मास्तर
खर्च कुणाचा हा तपशील झाला. परराष्ट्र व्यवहार दुसऱ्याच्या मुठीत, हा गाभा. १९०४ मध्ये थिओडोर रूझवेल्टने मन्रोच्या तत्त्वाला जोड दिली आणि शेजाऱ्यांचा कारभार बिघडला तर आम्ही हस्तक्षेप करू म्हटलं. मग निकाराग्वा, हैती, डोमिनिकन प्रजासत्ताक. हैतीत अमेरिकन फौज १९१५ पासून १९३४ पर्यंत होती. 'मांडलिक' शब्दात ही फौज दिसत नाही.

मृद्गंध
सगळ्यांचे आभार, 'खालसा' आणि 'युद्ध' दोन्ही घेते. पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिलाय. पुस्तकात १९३५ ते ३९ चे तटस्थता कायदे आणि महायुद्धात उतरायला विरोध करणारी १९४० ची 'अमेरिका फर्स्ट' समिती येते. त्यांचं काय करू?

कोकणकडा
तिथे 'अलगतावाद' चपखल बसतो. त्यांनी स्वतःहून जगाशी अंतर ठेवलं.

दर्यावर्दी
कुठलं अंतर? हे कायदे झाले तेव्हा फिलिपिन्सवर अमेरिकेचाच झेंडा होता. १९३४ च्या कायद्याने स्वातंत्र्याची मुदत ठरली, ते मिळालं ४ जुलै १९४६ ला. पर्ल हार्बर ७ डिसेंबर १९४१ म्हणतो आपण, पण ते कुठे आहे? त्याच खालसा केलेल्या हवाईत. ज्या बेटांवर १८९८ मध्ये हात ठेवला तिथेच १९४१ चं युद्ध येऊन धडकलं. 'अलगता संपली आणि युद्ध आलं' हे वाक्यच मला पटत नाही.

जुने मास्तर
मग काँग्रेसची सदस्य जेनेट रँकिन हिला कुठे बसवणार? तिने १९१७ मध्येही युद्धाविरुद्ध मत दिलं आणि ८ डिसेंबर १९४१ ला ३८८ विरुद्ध १ मधलं ते एक मतही तिचंच. ती शांततावादी होती. 'अमेरिका फर्स्ट'वाल्या वैमानिक लिंडबर्गसारख्यांना तिच्या रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे. एकाच '-वादा'त इतकी वेगवेगळी माणसं कोंबली म्हणून हा घोळ.

पैलतीर
न्यू जर्सीत राहतो, शेजारी पोर्तो रिकोचे आहेत, म्हणून एक भर. १९०१ मध्ये तिथून न्यूयॉर्कला आलेल्या संत्र्यांवर जकात घेतली, त्यावरून खटला सुप्रीम कोर्टात गेला. प्रश्न असा की पोर्तो रिको देशात की देशाबाहेर? जकात कायम राहिली आणि न्यायमूर्ती व्हाइट यांनी आपल्या निकालपत्रात त्याला 'देशांतर्गत अर्थाने परकं' म्हटलं. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना नागरिकत्व मिळालं, पण बेटावर राहून अध्यक्षासाठी आजही मत देता येत नाही. या दर्जाला मराठीत काय म्हणावं? 'केंद्रशासित प्रदेश' म्हटलं तर आपल्याकडचा वाचक दमण किंवा पुदुच्चेरी समजेल, आणि तिथले लोक तर खासदार निवडून देतात.

शुद्धमती
'असमाविष्ट प्रदेश'.

अटकेपार
'वसाहत' म्हणा. साधा शब्द आहे आणि खरा आहे.

पैलतीर
माझे शेजारी स्वतः 'वसाहत'च म्हणतात. त्यांचा मुलगा अमेरिकेच्या सैन्यात आहे, त्याला मात्र तो शब्द अजिबात आवडत नाही.