आकार बदलणारे पंख ही नुसती हौस आहे का?

पंखवेडी: "आकार बदलणारा पंख ही प्रयोगशाळेतली हौस आहे, विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला खाली वळणारी पट्टी, म्हणजे बिजागरीचा फ्लॅप, आजवर पुरला, पुढेही पुरेल," असे काल येथे कुणी लिहिले. ते वाचून राहवले नाही. राइट बंधूंनी 1903 मध्ये पंखच पिळून विमान सावरले होते. फ्लॅप खाली आला की त्याच्या कडेला फट पडते, तेथे भोवरे उठतात, आवाज वाढतो आणि इंधन जास्त जळते. नासाने 2014-15 मध्ये एका गल्फस्ट्रीम विमानाचे फ्लॅप काढून फट न पडणारे, सलग वाकणारे फ्लॅप बसवले आणि उणे 2 ते 30 अंशांपर्यंतच्या कोनांत ते उडवून पाहिले. याला हौस म्हणायचे?

हँगरकर: ते वाक्य माझेच, आणि मी त्यावर ठाम आहे. त्या उड्डाणांत कोन जमिनीवरच पक्का केलेला असे, हे आपण सोयीस्करपणे गाळले. माझी हयात देखभालीत गेली. फ्लॅपच्या रुळावरचा रोलर झिजला म्हणून विमान रात्रभर अडकलेले मी पाहिले आहे. पण तो रोलर डोळ्यांना दिसतो, बोटाने फिरवून पाहता येतो आणि पहाटेपर्यंत बदलता येतो. वाकणाऱ्या आवरणाच्या आतली चीर मी कशी शोधू?

स्वनातीत: एफ-14 हे लढाऊ विमान कसे विसरता? त्याचे पंख उड्डाणातच 20 ते 68 अंशांपर्यंत मागे वळत, आणि हे विमान 2006 पर्यंत अमेरिकी नौदलात होते.

हँगरकर: आणि तसेच पंख वळवणारे एफ-111? 1969 मध्ये पंखाच्या सांध्याच्या पोलादात राहिलेल्या दोषामुळे पंख तुटला, माणसे गेली. त्या सांध्याचे वजन वेग कितीही असला तरी वाहावेच लागते.

स्वनातीत: एका अपघातावरून अख्खी कल्पना मोडीत काढणे हा अन्याय आहे. भारतीय हवाई दलाने असेच पंख वळवणारे मिग-27 थेट 2019 पर्यंत उडवले. ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचे कसब आपल्या हिशेबात कोठेच नाही.

हँगरकर: तंत्रज्ञांचे कसब मला शिकवू नका! त्यांच्याच वतीने मी बोलतो आहे.

पंखवेडी: आपण दोघेही सांध्यात अडकलात. माझा मुद्दा सांधा नसलेल्या पंखाचा होता. शिवाय जेम्स वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा घडी घालूनच अवकाशात गेला आणि तेथे उलगडला; तेथे तर दुरुस्तीला कुणी जाणारही नव्हते.

हँगरकर: ती एकदाच उलगडायची होती, पंखाला रोज वाकायचे आहे. बोइंग 777-एक्सची टोके जमिनीवर दुमडून 71.8 मीटरचा विस्तार 64.8 वर येतो, तेवढे मला मान्य आहे, कारण एरवी ते विमान थांब्यावर मावत नाही. वाकणाऱ्या आवरणाबद्दल मात्र, हजारो उड्डाणांनंतर आतली चीर हँगरमध्येच पकडण्याची पद्धत दाखवा, मग बोलू.

पंखवेडी: ही अट रास्त आहे, ती मी मान्य करते. परंतु आवरणातच बसवलेल्या प्रकाशतंतूंनी ताण मोजता येतो, आणि जेथे ताणाची घडी विस्कटते तेथेच चीर शोधावी लागेल.