घाटातल्या वळणावर डबल स्टँड घासतो : मोटारसायकलची उंची वाढवावी का?

मुलुंडकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे ३५० सीसीची, मागे दोन शॉकॲब्जॉर्बर असलेली सहा वर्षे जुनी मोटारसायकल आहे. मुलुंड ते अंधेरी या रोजच्या प्रवासात काहीच अडचण येत नाही. परंतु पत्नीला मागे बसवून आणि सामान बांधून माळशेज घाटात गेलो की डावीकडच्या वळणांवर डबल स्टँड रस्त्याला घासतो. गेल्या महिन्यात तो इतक्या जोरात टेकला की मागचे चाक क्षणभर सरकले आणि आम्ही दोघेही हादरलो. उजव्या वळणावर मात्र असे होत नाही. एका दुकानदाराने २५ मिलिमीटर लांब शॉकॲब्जॉर्बर बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा की आधी दुसरे काही तपासावे?

ठाण्याचा प्रवासी

मी माझ्या गाडीचा डबल स्टँड काढूनच टाकला आणि घासणे थांबले. मात्र ट्यूबचा टायर असल्यामुळे पंक्चर काढताना गाडी दगडावर टेकवावी लागते आणि चेनला तेल लावायलाही दुसऱ्या माणसाची मदत लागते, हे आधीच सांगतो.

परळचा मेकॅनिक

स्टँड काढण्यापूर्वी तो आहे त्या जागी नीट बसतो का, ते पाहावे. स्टँड वर दुमडल्यावर ज्या रबरावर टेकतो ते रबर झिजले किंवा पडून गेले असेल, तर सगळा स्टँड खाली लोंबतो. मुंबईच्या पावसात स्टँडची पिन गंजते, बुश (पिनभोवतीची नळी) झिजतो, स्प्रिंग सैल पडते आणि स्टँड हाताने हलवला तरी खडखडतो. हे काम थोड्या पैशांत होते आणि मी तरी सुरुवात तिथूनच करतो.

त्यानंतर शॉकॲब्जॉर्बर किती दबतात ते मोजावे. गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी ठेवा आणि चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या पक्क्या खुणेपर्यंतचे अंतर मापा. मग गाडी स्टँडवरून उतरवून दोघेही सामानासह बसा आणि तिसऱ्या माणसाकडून तेच अंतर पुन्हा मापून घ्या. दोन्ही मापांतला फरक चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. तो बराच अधिक निघाला, तर वळणात शिरण्यापूर्वीच तुमची बरीच उंची गेलेली असते. अशा वेळी टूलकिटमधल्या पान्याने दोन्ही बाजूंचे प्रीलोड (शॉकॲब्जॉर्बरची स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते ठरवणारी खाचांची कडी) सारख्याच खाचेवर वाढवावे. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त वरून सुरुवात करते. म्हणून शेवटच्या खाचेवरही दबणे कमी झाले नाही किंवा शॉकॲब्जॉर्बरच्या दांड्यावर तेल दिसले, तर स्प्रिंग थकली आहे किंवा आतले तेल अडवणारे सील गेले आहे असे समजून मूळ लांबीचेच नवे, दोघांच्या वजनाला साजेशा स्प्रिंगचे शॉकॲब्जॉर्बर घ्यावेत.

२५ मिलिमीटर लांब शॉकॲब्जॉर्बरला माझा विरोध आहे. त्याने फक्त मागची बाजू उचलली जाते, पुढच्या फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन नळ्यांचा) कोन उभा होतो आणि हँडल चंचल वाटू लागते. साइड स्टँड आखूड पडून गाडी उभी असताना जास्त कलते, तर डबल स्टँडवर घेतल्यावर मागचे चाक जमिनीला टेकू शकते.

घाटवाट

वरचे सगळे मान्य आहे. फक्त वेगाचा हिशेब जोडतो. ३० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ४० किलोमीटरने घेतले तर गाडी सुमारे २३ अंश झुकवावी लागते, आणि तेच वळण ताशी ५० ने घेतले तर सुमारे ३३ अंश. शिवाय ३३ अंशांच्या झुकावात शॉकॲब्जॉर्बरवरचा भार जवळजवळ एक पंचमांशाने वाढतो, म्हणजे जास्त उंची हवी असते नेमकी तेव्हाच गाडी आणखी खाली बसते. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे डावी वळणे आपल्या वाट्याला आतली, लहान त्रिज्येची येतात. शिवाय बहुतेक गाड्यांत डबल स्टँडचा पाय देण्याचा दांडा आणि साइड स्टँड दोन्ही डावीकडेच असतात. तुमची गाडी डावीकडेच का घासते, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

म्हणून वळणाच्या आधीच ब्रेक मारून वेग उतरवावा, आपल्याच लेनच्या बाहेरच्या कडेने शिरावे, आणि वळणात ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये. खांदे वळणाच्या आतल्या बाजूला नेले, तर त्याच वेगात गाडी थोडी कमी झुकते. मागे बसलेल्यांनी मात्र चालवणाऱ्यासोबतच कलावे, उलट्या बाजूला नव्हे. फूटरेस्ट वर दुमडतो, त्यामुळे तो घासला तर सावध होण्याइतका अवधी मिळतो. स्टँड किंवा सायलेन्सर दुमडत नाही, तो टेकला की मागचे चाकच उचलले जाते. तुमचे चाक सरकले ते त्यामुळेच असावे, आणि म्हणूनच हे दुरुस्त होईपर्यंत दोघांनी घाटात जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलुंडकर

सर्वांचे मनापासून आभार. आज पाहिले तर स्टँडचे रबर खरोखरच जागेवर नव्हते आणि प्रीलोड सर्वांत खालच्या खाचेवर होते. दोघे बसल्यावर फरक ५२ मिलिमीटर होता. नवे रबर बसवून आणि प्रीलोड तीन खाचा वाढवून तो ३८ वर आला. पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे खड्ड्यांत मागची सीट थोडी अधिक आपटते. लांब शॉकॲब्जॉर्बरचा विचार सोडला आहे. स्टँडचा बुश रविवारी बदलून घेतो आणि पहिली फेरी एकट्यानेच, ताशी ४० च्या आत करतो.