आयर्लंडची जुनी शिडाची जहाजं: एका जहाजाचे ६४ हिस्से कसे?

न्यू रॉसला बॅरो नदीकाठी डनब्रॉडी जहाजाची प्रतिकृती उभी आहे, तिचे फोटो बघता बघता आर्क्लो, वेक्सफर्डच्या जुन्या दर्यावर्दी घराण्यांबद्दल वाचत बसलो आणि रात्र कधी सरली कळलंच नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाहीये. एकोणिसाव्या शतकातल्या एकेका जहाजाला मालक पाच-सहा, कधी त्याहून जास्त, त्यात कप्तान आहे, दुकानदार आहे, विधवा बाई पण आहे, आणि प्रत्येकापुढे ४/६४, ८/६४ असं काहीतरी. हा काय हिशोब?

प्रतिसाद १
१८२० च्या दशकात कायद्यानेच ठरलं की जहाजाच्या मालकीचे ६४ हिस्से धरायचे. अर्ध्याचं अर्धं करत गेलं की ६४ पर्यंत अपूर्णांकाची कटकट नाही. हिस्सा विकता यायचा, गहाण ठेवता यायचा, मृत्युपत्रात लिहिता यायचा, आणि सगळ्याची नोंद कस्टम्सच्या रजिस्टरमध्ये. म्हणून विधवा दिसतात, नवऱ्याचा हिस्सा त्यांच्या नावावर आलेला असायचा. भाडं ठरवणं, दुरुस्ती, हिशोब हे सगळं बघायला मालकांपैकी एकजण नेमायचे, त्याला चक्क 'शिप्स हजबंड' म्हणायचे, म्हणजे जहाजाचा नवरा!

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण डनब्रॉडी त्यात धरू नका प्लीज. ती ग्रेव्हज या मोठ्या व्यापारी घराण्याची, १८४५ मध्ये कॅनडात क्वेबेकला बांधलेली. तिकडून लाकूड आणायचं आणि जाताना त्याच जागेत फळ्यांचे बंक ठोकून आयर्लंडच्या दुष्काळातली माणसं न्यायची, सहा फूट लांब-रुंद बंकात चार-चार मोठी माणसं. हे वाचलं की मला अजून कसंतरी होतं.
आर्क्लोची गोष्ट वेगळी, तिथे छोटी स्कूनर, म्हणजे लहान शिडाची जहाजं. १८३८ मध्ये सिसिलीच्या गंधकाची मक्तेदारी झाली, भाव कडाडले, मग इंग्लंडच्या ॲसिड कारखान्यांना जवळच्या अव्होका खाणींतलं पायराइट, म्हणजे गंधक असलेलं खनिज, लागायला लागलं आणि ते आर्क्लोहून जहाजात भरून समुद्रापार जायचं. येताना कोळसा. पाच-सहा माणसांत चालणारं जहाज, त्यामुळे बाप कप्तान आणि पोरगा डेकवर हे नेहमीचंच.

प्रश्नकर्ता
म्हणजे जहाज बुडालं तर एकाच घरातला माणूसही गेला आणि पैसाही?

प्रतिसाद १
हो, आणि बंदर छोटं असलं की शेजारच्या घरातलाही. पैसा कोणाचा गेला ते रजिस्टरमध्ये दिसतं, माणूस कोण गेला ते क्रू लिस्टमध्ये. आयरिश बंदरांत नोंदलेल्या जहाजांच्या १८६३ ते १९२१ च्या क्रू लिस्ट डब्लिनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. नाव, वय, जन्मगाव, आधीचं जहाज, पगार, कुठे उतरला, सगळं लिहिलेलं. त्या बघाच. एकाच आडनावाची दोन माणसं लागोपाठ दिसतात, एकाचं वय चाळीस, दुसऱ्याचं पंधरा, जन्मगाव एकच, आणि ज्याला सही येत नव्हती त्याच्या नावापुढे नुसती फुली. माझं बोट त्या फुलीवरच थांबलं होतं, पान उलटायला वेळ लागला.