टर्बो इंजिन पुन्हा बांधतोय, पार्ट्सची यादी बघून सांगा

चौथा_सिलिंडर:
मंडळी, इंजिन खोलून पडलंय आणि रोज रात्री दोन वाजेपर्यंत मी कॅटलॉग चाळतोय.

गाडी रोजच्या वापराची. दोन लिटर, चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८, कॉम्प्रेशन रेशो ९. मुळात बूस्ट (टर्बो हवेला देतो तो जादा दाब) ०.८ बार आणि ताकद २०० हॉर्सपॉवर. दीड वर्षापूर्वी बूस्ट १.२ करून घेतला, बाकी कशाला हात लावला नाही. गेल्या महिन्यात लांब चढावर तिसऱ्या गियरमध्ये पाय पूर्ण दाबलेला असताना अचानक दम गेला. थांबून बघतो तर डिपस्टिक उडून बाहेर आलेली आणि मागे निळा धूर. सिलिंडरमधला कॉम्प्रेशनचा दाब मोजला: १६०, १६०, १५५ आणि चौथ्यात ६० पीएसआय. पिस्टन काढला तर वरच्या दोन रिंगांमधल्या कडेचा, म्हणजे रिंग लँडचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा निघालेला.

आता ३०० हॉर्सपॉवर हवेत. ट्रॅकवर जाणार नाही, ऑफिस आणि सुट्टीत फिरणं एवढंच. यादी अशी: २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे ८६ मिमी फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन, एच-बीम कनेक्टिंग रॉड, रेसिंग शेल (क्रँकचे बेअरिंग), कॉम्प्रेशन उतरवायला जाड हेड पॅकिंग आणि मोठा टर्बो. उद्या ऑर्डर टाकतोय. काही राहिलंय का?

बूस्टभैरव:
टाक बिनधास्त! एवढं खोललंच आहेस तर बिलेट (अखंड पोलादातून कोरलेला) क्रँकपण घालून टाक, परत परत कोण उघडणार.

जुना_होनिंगवाला:
अहो, थांबा. उद्या काहीही मागवू नका.

लोखंडी ब्लॉकमधल्या क्रँकला ३०० म्हणजे फारसं ओझं नाही. बिलेटचं डोक्यातून काढा. क्रँकचे जर्नल (शेलमध्ये फिरणारे गोल भाग) मोजा, तडा आहे का तपासून घ्या, पॉलिश करा आणि तोच परत बसवा.

पहिला प्रश्न वेगळाच आहे. लँड तुटली कशाने? दोन आजार आहेत आणि दोन्हींत तुकडा सारखाच निघतो. नॉकिंग (मिश्रणाचा स्वतःहून होणारा स्फोट) झालं असेल तर पिस्टनच्या माथ्याची कड वाळू मारल्यासारखी खरबरीत दिसते. रिंगच्या दोन टोकांमधला गॅप कमी पडला असेल तर वाढत्या उष्णतेने रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरमध्ये आवळून बसते आणि लँड उपटते. अशा रिंगची टोकं आरशासारखी चमकतात. भिंगाखाली धरा आणि सांगा. कारण सापडल्याशिवाय घातलेला फोर्ज्ड पिस्टन एवढंच करतो की पुढचं नुकसान जरा उशिरा होतं.

आता यादी. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नसतंच, म्हणून तो मार सोसतो, पण तापल्यावर फुगतोही जास्त. त्यामुळे बोअरमध्ये सैल ठेवावा लागतो आणि इंजिन थंड असेपर्यंत टकटक वाजतो. मी माझ्या स्वतःच्या गाडीत घातला होता. रोज सकाळी शेजारी विचारायचे, डिझेल घेतलं का? ४०३२ या दुसऱ्या मिश्रधातूमध्ये १२ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, घट्ट बसतो आणि गप्प राहतो. नॉकिंगला २६१८ पेक्षा जरा हळवा, हे कबूल. पण रोज थंडगार सुरू होणाऱ्या ३०० च्या गाडीत मी ४०३२ च घालेन.

आणि ८६ मिमी कोणी सांगितलं? बोअर मोजला का? अर्ध्या मिलिमीटरमध्ये ओरखडे निघून गेले तर ८५.५ वर थांबा, उरलेली भिंत पुढच्या वेळेला लागेल. आधी ब्लॉक मोजायचा, मग पिस्टन मागवायचे, ते हातात आल्यावर एकेका पिस्टनच्या मापाने एकेक बोअर होन करायचा, म्हणजे दगडाने घासून नेमक्या मापाला आणायचा. होनिंगच्या वेळी हेडच्या जागी टॉर्क प्लेट कसून बसवलीच पाहिजे, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर वाकडा होतो. ‘प्लेटची गरज नाही’ म्हणणाऱ्याकडे ब्लॉक ठेवू नका. मी एकदा घाईच्या गिऱ्हाइकासाठी प्लेटशिवाय होन केला होता. ते इंजिन तेल प्यायला लागलं आणि माझ्या खर्चाने पुन्हा खोलावं लागलं.

जाड पॅकिंग तर अजिबात नको. पिस्टन वर आल्यावर त्याच्या सपाट कडेत आणि हेडमध्ये साधारण १ मिमी फट राहते. तिथून मिश्रण जोराने मध्ये ढकललं जातं आणि ज्वाला भराभर पसरते. ती फट वाढवली की कॉम्प्रेशन कमी होऊनही नॉकिंग वाढू शकतं. कॉम्प्रेशन उतरवायचंच तर पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीने उतरवा. पॅकिंग मूळ जाडीचं, अनेक थरांचं स्टीलचं घ्या आणि हेड-ब्लॉकचं फेसिंग गुळगुळीत करून घ्या.

रॉड घ्या, एच की आय यावर भांडत बसू नका, बोल्ट कुठला येतो ते बघा.

चौथा_सिलिंडर:
काका, आधी मला अहो-जाहो बंद करा. भिंग घेऊन बसलो होतो. रिंगची टोकं मळकट आहेत, चमक नाही. माथ्याची कड मात्र खरबरीत, आणि फक्त चौथ्याचीच.

नकाशा_काढणारी:
मी मॅपिंग करते, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पेट्रोल-स्पार्कचं गणित बसवते, हा भाग माझा.

०.८ बार बूस्ट म्हणजे बाहेरचा दाब धरून एकूण १.८, आणि १.२ म्हणजे २.२. हवा साधारण २२ टक्के वाढली. तुझे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) मिनिटाला किती सीसीचे आहेत? ३८० च्या आसपास असतील तर २०० हॉर्सपॉवरलाच ते ८० टक्के वेळ उघडे असणार. २२ टक्के वाढव, ९८ होतात. म्हणजे चढावर ते बंदच होत नव्हते. त्यात चौथा थोडा जरी चोंदलेला असेल तरी त्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडणार आणि तिथेच नॉकिंग होणार. चारही काढून बेंचवर प्रवाह मोजून घे.

३०० साठी टर्बो इंजिनला ताशी दर हॉर्सपॉवरमागे ०.२७ किलो पेट्रोल धर. चारात वाट, ८० टक्क्यांची मर्यादा ठेव, उत्तर दर इंजेक्टरला मिनिटाला ५७५ सीसीच्या जवळ येतं. तेवढे इंजेक्टर आणि त्यांना पुरणारा पंप हे यादीत सगळ्यात वर लिही. मोठा टर्बो खाली ढकल. ३०० हॉर्सपॉवरला पुरेल तेवढाच घे, नाहीतर सिग्नलवरून निघताना बूस्टची वाट बघत बसशील. कॉम्प्रेशन ९ च राहू दे, रोजच्या चालवण्यात फरक कळतो. आणि वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) बसवल्याशिवाय माझ्याकडे येऊ नकोस.

बूस्टभैरव:
बरं, बिलेटचं मागे घेतो.

चौथा_सिलिंडर:
इंजेक्टर ३८० चेच निघाले! बेंचवर तिघांचा प्रवाह बरोबर, चौथा १२ टक्के कमी. दीड वर्ष मी कानात गाणी घालून चालवत होतो, नॉकिंग ऐकू कसं येणार.

ब्लॉकही मोजून आला, ८५.५ मध्ये साफ होतोय. नवी यादी: ४०३२ चे ८५.५ पिस्टन, रॉड, साधे चांगले शेल, मूळ जाडीचं पॅकिंग, इंजेक्टर, पंप, वाइडबँड. टर्बो पुढच्या वर्षी. ऑइल कूलर धुऊन वापरला तर चालेल का?

जुना_होनिंगवाला:
नाही, नवा घाल. पिस्टनचा चुरा तेलात गेलाय, तो कूलरच्या बारीक नळ्यांत अडकून बसतो आणि नव्या शेलवरच येऊन पडतो. खालचं तेलाचं चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी बघ, पंप खोलून आतले ओरखडे बघ. टर्बोला तेल नेणारी नळीही बदल.

शेल आणि जर्नलमधला क्लिअरन्स मोजताना अंदाज हवा असेल तर जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग धर, ४५ मिमीला ०.०४५. रॉडच्या बोल्टवर मात्र नुसत्या टॉर्क रेंचने विसंबू नकोस. बोल्ट किती ताणला गेला ते मोजूनच आवळ, ताणाचा आकडा रॉडच्या डब्यातल्या कागदावर असतो.

रिंगांचा गॅप तुला स्वतःला घासायचाय. पिस्टनसोबतच्या कागदावर टर्बोचा रकाना वेगळा असतो, तोच बघ. ८५.५ ला वरची रिंग ०.४५ च्या आसपास येईल, दुसरी त्याहून थोडी जास्त. रिंग बोअरमध्ये ढकलताना उलट्या पिस्टनने ढकल म्हणजे सरळ बसते. कानस एकाच टोकाला लाव आणि बाहेरून आत मार, उलट मारलीस तर रिंगवरचा लेप उडतो. दोन फटके, मग फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी), मग परत दोन फटके. आणि कोणती रिंग कोणत्या सिलिंडरची ते कागदावर लिहून ठेव, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.