मदत हवी आहे: कार्डिगनशायर की केरेडिग्यॉन?

नमस्कार मंडळी. वेल्सच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि परगण्याच्या नावावर अडलेय. केरेडिग्यॉन म्हणजे केरेडिगची भूमी. परंपरेनुसार केरेडिग हा पाचव्या शतकातल्या कुनेदा राजाचा मुलगा. शेवटचा 'यॉन' प्रत्यय मुलुख दाखवतो. 'कार्डिगन' हे त्याचंच इंग्रजी वळण, स्वेटरचं नावही तिथल्या अर्लच्या किताबावरून आलेलं. घोळ असा की कार्डिगन शहराला वेल्शमध्ये आबेरतेइवी म्हणतात, तेइवी नदीचं मुख! १९७४ ते १९९६ हा भाग डिव्हेड या मोठ्या परगण्यात होता, १९९६ पासून अधिकृत नाव केरेडिग्यॉन. मग १८५० च्या प्रसंगात कार्डिगनशायर ठेवू, की सगळीकडे केरेडिग्यॉन? मला दुसरं पटतं. अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा.