जाकोपो तिएपोलो: क्रीटचा ड्यूक होता, मग पोदेस्ता कामून झाला?

गोदाकाठ (नांदेड)
एम.ए.च्या पेपरसाठी तिएपोलोवर टिपण काढतोय. तेराव्या शतकातला हा व्हेनिसचा माणूस. आधी क्रीट बेटाचा ड्यूक, मग कॉन्स्टँटिनोपलचा पोदेस्ता (तिथल्या व्हेनिसवाल्यांचा प्रमुख अंमलदार), 1229 ला व्हेनिसचा दोजे (निवडून येणारा राज्यप्रमुख). ड्यूकपद सोडून पोदेस्ता होणं ही बढती की घसरण?

किल्लेधारूर
पदवीला भुलू नका. क्रीटचा ड्यूक म्हणजे व्हेनिसनं मुदतीवर पाठवलेला अंमलदार. सोबत सल्लागार, मुदत सरली की परत. एजियन समुद्रातल्या नाक्सोस बेटाचा व्हेनिशियन सरदार मार्को सानुदो मात्र खरा वतनदार: बेटं स्वतः जिंकलेली, पुढं पोराला गेली.

तिएपोलो आणि सानुदोचं वाजलं ते क्रीटमध्येच. 1211 ला व्हेनिसहून वसाहतवाले आले, त्यांच्यासाठी स्थानिकांच्या जमिनी काढल्या, आणि 1212 ला हागिओस्तेफानित हे स्थानिक ग्रीक घराणं उठलं. फौज तोकडी, म्हणून तिएपोलोनं जमिनीचं कबूल करून सानुदोला बोलावलं. उठाव मोडला, पण कबूल केलेलं पदरात पडेना म्हणून सानुदोनं क्रीटची राजधानी कांदियाच घेतली. तिएपोलो बाईच्या वेशात तटावरून उतरून तेमेनोसच्या किल्ल्यात गेला, असं इतिवृत्तं सांगतात. कुमक आल्यावर शहर परत मिळालं, तरी सानुदोला पैसा-धान्य देऊनच वाटेला लावावं लागलं. (आपल्याकडं तेव्हा देवगिरीवर सिंघण यादव.)

मांजराथडी
वजन पोदेस्ताचंच जास्त. चौथ्या क्रुसेडनं 1204 ला कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर बायझंटाइन साम्राज्याचा तीन-अष्टमांश व्हेनिसच्या वाट्याला आला, त्याचा कारभार त्याच्याकडं. निकीयाचा (आशिया मायनरमधल्या ग्रीक राज्याचा) सम्राट थिओडोर लास्कारिसशी तिएपोलोनं केलेला 1219 चा तह बघा: व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना निकीयाच्या मुलखात जकात माफ, निकीयाच्या व्यापाऱ्यांना कॉन्स्टँटिनोपलात मात्र चालू. एकमेकांच्या नाण्यांची नक्कल पाडायची नाही, हेही कलम. पाठोपाठ 1220 ला आशिया मायनरच्या सेल्जुक तुर्क सुलतानाशी तह. क्रीटचं नाट्य सगळेच रंगवतात. उत्तराचा जीव इथं आहे.

गोदाकाठ (नांदेड)
दोजे झाल्यावर तरी हात मोकळे झाले का?

किल्लेधारूर
उलट आवळले. दोजेच्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी मारिनो दांदोलोशी 20-20 मतांची बरोबरी, चिठ्ठी टाकून निवड. म्हणूनच पुढं मतदार 40 चे 41 झाले. गादीवर बसताना द्यायच्या शपथपत्रातली बंधनंही वाढली. तरी 1242 ची कायदेसंहिता त्याच्याच नावावर आहे, ती गाळू नका. 1249 ला पद सोडलं, त्याच वर्षी वारला.

मांजराथडी
साल लिहिताना सांभाळा. व्हेनिसचं वर्ष 1 मार्चला सुरू व्हायचं. मूळ कागद जानेवारी-फेब्रुवारीचा असेल तर सालात एक मिळवा. दोजेपदाची निवड मार्च 1229 ची, तिथं मिळवलंत तर फसाल.