१९६५ ची स्पिटफायर: चार्जिंग नाही, चढाला मिसिंग, इंजिन तापतंय, स्टिअरिंग जड. सुरुवात कुठून करू?

शहापूरकर (बेळगाव)

नमस्कार मंडळी. गाडी ट्रायम्फ स्पिटफायर मार्क टू, ११४७ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. बाबांनी १९८३ ला कॅम्पातल्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून घेतली. चाळीस वर्षं तिचं सगळं काम बाबाच करायचे. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढं उलटतं, मग ते पुढच्या टायरवर बसायचे आणि मी बॅटरी धरून उजेड दाखवायचो. हाताला पाने दिले तेवढंच माझं शिक्षण.

बाबा गेल्यावर तीन वर्षं गाडी पडवीत ताडपत्रीखाली होती. मागच्या पावसाळ्यात एका गॅरेजला दिली. रंग, सीटकव्हर, ब्रेक, नवी बॅटरी, ग्रीसिंग असं सगळं करून पाच महिन्यांनी परत मिळाली. दिसायला सुरेख झालीय, खरं चालायला पूर्वीसारखी राहिली नाही.

चार्जिंगचा लाल दिवा विझतच नाही. रेस दिली की उलट जास्त पेटतो. एकदा बल्बही उडाला. कटआऊट (डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) दोनदा जळाला, आता गॅरेजवाले सांगायलेत की रोज घरी बॅटरी चार्ज करून चालवा. सपाटीला गाडी बरी पळते, चढ लागला की मिसिंग मारते. गेल्या रविवारी गोव्याहून चोर्ला घाटानं येत होतो. कणकुंबीच्या अलीकडं काटा लालवर गेला आणि इंजिन बंद पडलं. पाऊण तास थांबलो, मग चालू झालं. स्टिअरिंग पूर्वी एका हातानं फिरायचं, आता जड लागतंय आणि वळवताना डावीकडून कटकट आवाज येतो. आणखी एक, उभ्या गाडीत क्लच दाबला की इंजिनचा आवाज बसतो, कधी बंदच पडतं.

गॅरेजवाले इंजिन उतरवू म्हणतात. पैशांपेक्षा मला भीती आहे ती आहे ते सुद्धा बिघडण्याची. आधी कशाला हात लावू?

निपाणी_पद्मिनी

दादा, पहिल्यांदा पेट्रोलच्या रबरी नळ्या बघा. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आपल्याच भागातल्या उसाचं आहे, खरं जुन्या गाड्यांच्या रबराला ते चालत नाही. माझ्या पद्मिनीची नळी आतून फुगून बोटानं चुरगळत होती, बाहेरून नव्यासारखी. पंपाचा डायफ्रॅम पण बघा. नळी घेताना वर जे३० आर९ (इथेनॉल चालणाऱ्या नळीचा नंबर) छापलेलं आहे का बघूनच घ्या.

तीन वर्षं उभी होती म्हणजे टाकीत गंज असणार, आणि इथेनॉल तो सुटा करून कार्बोरेटरात आणतं. टाकी धुऊन घ्या.

चिकोडी_मोटर्स

जुन्या वायरिंगच्या नादी लागू नका. अल्टरनेटर बसवा, मारुतीचं इंजिन आणि गिअरबॉक्स टाका, दहा वर्षं बघायला नको. आमच्याकडं दोन गाड्या केल्यात.

उद्यमबाग_ऑटोइलेक्ट्रिक

शहापूरकर, इंजिन उतरवायला अजिबात देऊ नका. मारुतीचं इंजिन तर नकोच. त्या गाडीत तुमच्या वडिलांची चाळीस वर्षं आहेत.

तुम्ही दिव्याचं लिहिलंत ते मी तीनदा वाचलं. रेस दिल्यावर दिवा मंद होत विझायला पाहिजे. डायनामो बिघडला असता तर दिवा आहे तसाच पेटत राहिला असता. तो जास्त प्रखर होतोय याचा अर्थ बॅटरी एका दिशेनं आणि डायनामो उलट दिशेनं जोर लावतोय, आणि बल्बला दोन्हीचे मिळून चोवीस व्होल्टच्या आसपास मिळायलेत.

तुमची मार्क टू पॉझिटिव्ह अर्थची गाडी आहे. बॅटरीची प्लस वायर बॉडीला असते. मार्क थ्रीपासून, म्हणजे १९६७ नंतर, ती निगेटिव्ह अर्थ झाली. नवी बॅटरी बसवणाऱ्यानं आजच्या सवयीनं मायनस बॉडीला लावली असणार. सेल्फ तशीही त्याच बाजूला फिरते, लाइट लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. कटआऊट मात्र प्रत्येक वेळी चिकटला की बॅटरी आणि डायनामो एकमेकांवर आपटतात. दोनदा जळाला तो याच्यामुळंच.

मिसिंगचंही मूळ बहुतेक इथंच आहे. स्पार्क देणारी कॉइल उलटी पडली की स्पार्क प्लगच्या मधल्या गरम टोकाकडून बाहेर जायच्या ऐवजी बाहेरून आत जातो. त्याला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीला भागतं, चढाला सिलिंडरमध्ये दाब वाढला की स्पार्क चुकतो.

असं करा. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा. प्लस बॉडीला, मायनस सेल्फच्या वायरीला. जुन्या बॅटरीपेक्षा खांब उलट बाजूला असतील तर वायर पुरत नाही, ओढून लावू नका, नवी लांब वायर करून घ्या. कॉइलवर प्लस-मायनस छापलं असेल तर पॉझिटिव्ह अर्थला प्लस डिस्ट्रिब्युटरकडं आणि मायनस इग्निशनकडं. मग डायनामोच्या दोन्ही वायरी काढून बॅटरीच्या मायनसवरून एक वायर घ्या आणि छोट्या टर्मिनलला, ज्याच्यावर एफ आहे, दोन-तीन सेकंद टेकवा. ठिणगी उडेल, घाबरू नका. त्यानं डायनामोच्या पोलची दिशा पक्की होते. एवढं झाल्यावरच नवा कटआऊट लावा. गाडीत अलीकडचा रेडिओ किंवा मोबाइल चार्जर बसवला असेल तर तो आधी काढा.

पॉइंटचा गॅप १५ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), प्लगचा २५. टायमिंग बघून घ्या, मागं राहिलं असेल तर इंजिन तापतंच.

गडहिंग्लज_हेराल्ड

वरच्या काकांनी बरोबर नाडी धरली. मी राहिलेल्या दोन गोष्टींवर लिहितो. माझी स्टँडर्ड हेराल्ड आहे, मद्रासला बनलेली. स्पिटफायर हेराल्डच्याच चॅसीवरून निघाली, त्यामुळं पुढचं सस्पेन्शन मला पाठ आहे.

स्टिअरिंगचं ऐकून मला काळजी वाटायली. चाकाच्या खालच्या बाजूला पितळी ट्रुनियन असतो, त्याच्या आट्यांत उभा लिंक फिरतो. त्याला ग्रीस लावायचं नसतं, ९० नंबरचं गियर ऑइल भरायचं असतं. ग्रीस तिथं घट्ट होऊन बसतं, आट्यांपर्यंत जात नाही, पाणी शिरतं, लिंक गंजतो आणि एक दिवस आट्यांपाशी तुटून चाक आडवं पडतं. माझ्यासमोर संकेश्वरच्या बाजारात एका हेराल्डचं असं झालंय, वेग दहाचा होता म्हणून बरं. तुम्ही "ग्रीसिंग केलं" लिहिलंय. ते बघेपर्यंत घाटात काय, गावातसुद्धा गाडी काढू नका.

क्लच दाबल्यावर इंजिन बसतं ते क्रँकच्या थ्रस्ट वॉशरमुळं. मागच्या मेन बेअरिंगला दोन अर्धचंद्र पट्ट्या असतात. त्या झिजल्या की क्लचच्या दाबानं अख्खा क्रँक पुढं सरकतो. एकाला क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीवर डोळा ठेवा. खेळ ०.२ मिमीच्या आत पाहिजे. डोळ्याला सरळ दिसत असेल तर इंजिन चालूच करू नका, पट्टी गळून सम्पमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) पडली की क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. इंजिन न उतरवता होतं हे काम. सम्प काढायचा, मागची मेन कॅप खाली घ्यायची, जुन्या सरकवून काढायच्या, नव्या घालायच्या.

तापण्याबद्दल: ब्लॉकचा पाण्याचा नळ उघडून बघा. बोअरचं पाणी घालत आलात का?

शहापूरकर (बेळगाव)

मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय.

उद्यमबागचे काका स्वतः घरी आले. बॅटरीची मायनसच बॉडीला होती. बॅटरीच्या मागच्या पत्र्यावर नव्या रंगाचा जाड थर होता. काकांनी सहज नखानं खरवडलं तर खाली लाल दिसलं. मी पातळ कापडाला थिनर लावून हळूहळू पुसलं. बाबांच्या हातचा लाल ऑइलपेंटचा प्लस निघाला, अंगठ्याएवढा, आणि त्याच्या खालून अर्थच्या बोल्टकडं जाणारा बाण. त्यांनी सांगून ठेवलं होतं, रंगवणाऱ्यानं त्याच्यावरूनच ब्रश मारला होता. मला खूप वेळ बोलता आलं नाही. काकाही गप्प उभे होते.

वायरी फिरवल्या, कॉइल फिरवली, डायनामोला एफवर मायनस टेकवलं. जागेवर रेस दिल्यावर लाल दिवा विझला. मिसिंगचं चढाला नेल्याशिवाय कळणार नाही, खरं जागेवर आवाज एकसारखा आहे. नळ्या बदलल्या. निपाणीचे दादा बरोबर होते, पंपाजवळची नळी कापल्यावर आतलं भोक गव्हाच्या दाण्याएवढं राहिलं होतं.

ब्लॉकचा नळ उघडला तर थेंब आला नाही. तार घालून अर्धा तास टोकरल्यावर आधी लाल चिखल आणि मग पाणी आलं. मागच्या सिलिंडरच्या बाजूला चिखल घट्ट बसलेला होता. होय, बोअरचंच पाणी. आता उलटीकडून नळी लावून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलंय, कूलंट घालणार.

डाव्या ट्रुनियनमधून काळं, वाळलेल्या गुळासारखं ग्रीस निघालं. लिंकच्या आट्यांवर गंजाचे खड्डे आहेत. दोन्ही बाजूंचे लिंक आणि ट्रुनियन नवे मागवलेत, जुना लिंक घासून परत लावायचा नाही असं ठरवलंय.

पुली क्लच दाबल्यावर दिसण्याएवढी सरकत होती. काकांनी खेळ मोजायचा डायल लावला, ०.६ मिमी भरलं. सम्प उतरवला. एक पट्टी जागेवर होती, पांढरा धातू जाऊन नुसतं पोलाद राहिलेलं. दुसरी अर्धी बाहेर आलेली. क्रँकच्या तोंडाला ओरखडा नाही, बोट फिरवून तीनदा बघितलं.

नव्या पट्ट्या हातात आहेत. खोबणीची बाजू क्रँककडं ठेवायची ना?

गडहिंग्लज_हेराल्ड

क्रँककडंच. खोबणीतून ऑइल फिरतं, उलटी बसली तर कोरडी चालते. दोन्ही घातल्यावर कॅप आवळून परत डायल लावा, आणि ०.२ च्या वर भरलं तर जाड मापाच्या मिळतात, त्या घ्या. सम्प चढवायच्या आधी इथं फोटो टाका, मी रात्री अकरापर्यंत जागा आहे.